शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याचा दरवर्षी परतणारा खोकला : कारण कुठे शोधावे

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या तबेल्यात खोकला सुरू होतो, असे सलग तीन वर्षे घडले. घोडा थरोब्रेड आहे, कुमैत रंगाचा, वय सतरा. तरुणपणी तो पुण्याच्या पावसाळी हंगामात आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या हिवाळी हंगामात धावला, सहाव्या वर्षी शर्यतीतून निवृत्त झाला, मग काही वर्षे मुलांना रपेट शिकवण्याच्या कामी आला आणि शेवटी सासवडजवळच्या आमच्या शेतावर येऊन स्थिरावला. शर्यतीच्या कागदपत्रांत त्याचे लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे तो ‘गोट्या’ आहे.

ज्यांच्याकडे असा घोडा आहे आणि ज्याचा खोकला औषधाने थांबून महिन्याभरात पुन्हा उलटतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही आणि औषध कोणते, किती, किती दिवस, हा निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे. मात्र या आजाराचे, म्हणजे घोड्याच्या दम्याचे, कारण शोधून काढण्याचे काम डॉक्टरांवर सोपवता येत नाही, कारण डॉक्टर महिन्यातून एकदा अर्धा तास येतात आणि गवत मात्र चोवीस तास घोड्याच्या नाकाखाली असते.

खोकला कसा सुरू होतो

पहिल्या वर्षी आम्ही जे पाहूनही पाहिले नाही, ते असे. सकाळी चारा टाकल्यावर पहिल्या दोन-चार घासांबरोबर एक-दोन खोकले, आणि दुडकी सुरू केल्यावर पहिल्या फेरीत आणखी एक-दोन. आमचे मोतद्दार काका म्हणाले, “ठसका लागला असंल, ताई.” मलाही तसेच वाटले. घोडा खात होता, पीत होता, ताप नव्हता, डोळे तेजस्वी होते. महिन्याभराने मान खाली घालून चरताना नाकपुडीतून पांढरा, घट्ट शेंबूड ओघळू लागला, आणि त्यानंतर काही दिवसांनी उभ्या उभ्या, काहीही श्रम नसताना, त्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसू लागल्या.

निश्चित खूण पोटाशी असते. निरोगी घोडा उभा असताना त्याचा श्वास आपल्याला जवळपास दिसतच नाही. या आजारात श्वास सोडताना हवा आत अडकते आणि ती बाहेर ढकलण्यासाठी पोटाचे स्नायू शेवटी आणखी एक जोर लावतात, त्यामुळे कूस एकदा बसते आणि लगेच पुन्हा एक हिसका देऊन आत जाते. हे महिनोन्महिने चालले की ते स्नायू पहिलवानाच्या दंडासारखे वाढतात आणि बरगड्यांच्या खालच्या कडेने तिरकी खाच उमटते. अशी खाच दिसली, तर आजार नवा नाही, आपल्या लक्षात मात्र आज आला, असे समजावे.

इंग्रजीत या आजाराला पूर्वी ‘हीव्ज’ म्हणत, मग ‘सीओपीडी’ म्हणू लागले, नंतर ‘आरएओ’, आणि 2016 च्या सुमारास तज्ज्ञांनी या सगळ्या नावांऐवजी ‘इक्वाइन अस्थमा’, म्हणजे घोड्याचा दमा, हे नाव रूढ केले. सौम्य प्रकार कोणत्याही वयात होतो, शर्यतीतल्या कोवळ्या घोड्यांतही पुष्कळ आढळतो आणि बहुधा निवळतो. उभ्या जागी धाप लागणारा तीव्र प्रकार साधारणपणे सात वर्षांपुढच्या घोड्यांत दिसतो आणि तो आयुष्यभराचा असतो. थरोब्रेडची शर्यतीची कारकीर्द तीन-चार वर्षांची आणि आयुष्य पंचवीस वर्षांच्या घरातले; तेव्हा हा आजार नेमका त्या लांबलचक उत्तरार्धात येतो, जेव्हा घोड्याभोवती ना ट्रेनर असतो, ना रोज फेरी मारणारे डॉक्टर.

हे दुसरे काही नाही ना

खोकला म्हणजे दमाच, असे धरून चालू नये. थर्मामीटर घ्यावा. घोड्याचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असते. दम्यात ताप नसतो. ताप, पिवळा घट्ट स्राव आणि जबड्याखाली सुजलेल्या गाठी असतील, तर ‘स्ट्रँगल्स’सारखा संसर्ग असू शकतो, अशा वेळी त्या घोड्याला ताबडतोब वेगळे बांधावे आणि त्याची बादली, तोबरा, खरारा काहीही दुसऱ्याला वापरू नये.

ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचे नाव घेणे अप्रिय आहे, पण घ्यायलाच हवे. नाकातून चिकट, कधी रक्तमिश्रित स्राव, कातडीवर किंवा पायांवर गाठी आणि त्या फुटून होणारे व्रण, अधूनमधून ताप आणि खंगत जाणे, यांतले काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. हा रोग माणसालाही होतो, तो सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बाधित घोडा उपचार करून ठेवता येत नाही. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरातच तो पुन्हा डोके वर काढून गेला होता. रक्ताच्या नमुन्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

घोड्याबरोबर एकाच कुरणात गाढव असेल, तर फुप्फुसातल्या जंतांची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. हे जंत गाढवाच्या अंगात विशेष त्रास न देता राहतात आणि घोड्याला मात्र महिनोन्महिने खोकवतात. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट पट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी : घोडा जोरजोरात श्वास घेतो आहे, पण खोकत नाही आणि भर उन्हात रपेट करूनही अंग कोरडेच आहे. हा घाम न येण्याचा विकार असतो, आणि तो घोडा श्वासावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची धडपड करत असतो. त्याचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

खात्री करून घ्यायची असेल, तर नाकातून दुर्बीण घालून श्वासनलिकेत किती शेंबूड साचला आहे हे पाहतात, आणि फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून त्यातल्या पेशी मोजतात. निरोगी घोड्याच्या या धुवणात न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेच्या जागी गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशी, साधारण 5 टक्क्यांच्या आत असतात. तीव्र दम्यात त्या 25 टक्क्यांच्या वर जातात. आमच्याकडे ही तपासणी दुसऱ्या वर्षी झाली. ती पहिल्याच वर्षी करायला हवी होती, कारण तोवर एका सल्ल्यावरून गोट्याने प्रतिजैविकांचे दोन कोर्स विनाकारण घेतले होते.

औषधाने जाऊन परत का येतो

प्रश्नाची गाठ येथे आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू केल्या की तीन-चार दिवसांत घोडा ओळखू येणार नाही इतका सुधारतो. मालक खूश होतो, कोर्स संपतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तोच खोकला, त्याच वेळी, त्याच घासाबरोबर परत येतो. मग म्हणतात, औषध लागू पडत नाही. औषध लागू पडलेले असते. ते श्वासनलिकांची सूज उतरवते. सूज आणणारी धूळ ते काढू शकत नाही.

ही धूळ म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. वाळलेल्या गवतावरच्या बुरशीचे बीजाणू, जिवाणूंचे अवशेष, कोळ्यांच्या वर्गातले अतिसूक्ष्म जीव (माइट) आणि गवताचा बारीक भुगा, हे सगळे मिळून ती बनते. तिचे अपायकारक कण इतके सूक्ष्म असतात की उन्हाच्या तिरिपेत दिसणारी धूळ ही त्यांच्या मानाने धोंडे म्हणावी लागेल. उभा असलेला घोडा एका श्वासात सुमारे 5 लिटर हवा घेतो. मिनिटाला बारा श्वास धरले तर दिवसभरात 80,000 लिटरांहून अधिक हवा त्याच्या फुप्फुसातून जाते, आणि तीही केवळ नाकावाटे, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्यात पुन्हा दिवसाचे बारा-चौदा तास ते नाक गवतात खुपसलेले असते. तबेल्यातली हवा स्वच्छ वाटते ती आपल्या नाकाच्या उंचीवर. घोड्याच्या नाकाभोवतीच्या हातभर जागेत परिस्थिती निराळी असते. आजार वाढतो तो त्या हातभर जागेत, म्हणून शोधही तिथूनच सुरू करावा.

औषधांविषयी थोडेच लिहिते. श्वासनलिका रुंद करणारी औषधे, उदाहरणार्थ क्लेनब्युटेरॉल किंवा सालब्युटामॉल, एकटी देत राहू नयेत; सूज तशीच राहते, दोन-तीन आठवड्यांत त्यांचा गुण कमी होतो आणि रुंद झालेल्या नळ्यांतून धूळ आणखी खोल जाते. तोंडावाटे द्यायच्या गोळ्यांत प्रेडनिसोलोन आणि प्रेडनिसोन ही नावे सारखी वाटली तरी घोड्याच्या बाबतीत फरक मोठा आहे : प्रेडनिसोन घोड्याच्या शरीरात नीट उतरत नाही. माणसांच्या औषधांच्या दुकानातून गोळ्या आणताना ‘दोन्ही एकच आहेत’ असे सांगितले गेले, तर ऐकू नये. ज्या घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतल्या थरांचा दाह, होऊन गेला आहे, त्याची ही माहिती स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून द्यावी. तोंडावर मुखवटा लावून फवाऱ्याने द्यायचे स्टेरॉइडही असते. त्याचा बाकीच्या शरीरावर परिणाम कमी होतो, पण खर्च जास्त असतो आणि घोड्याला मुखवट्याची सवय लावण्यात एक आठवडा जातो.

पहिल्या वर्षीची चूक

पहिल्या वर्षी खोकला गारठ्याने झाला असे आम्ही ठरवून टाकले. दिवाळीनंतर सासवडकडे पहाटे चांगली थंडी पडते. आम्ही तबेल्याच्या खिडक्यांना गोणपाट शिवले, दार लावून घेतले, खाली पेंढ्याचा जाड थर अंथरला आणि रात्री खायला कडबा आणि डोंगरी गवत भरपूर टाकले. आठवड्याभरात गोट्याची धाप दुप्पट झाली. घोड्याला थंडी सोसते, केस वाढवून तो तिची तजवीज करतो. कोंडलेली हवा त्याला सोसत नाही. गोणपाटाने वारा अडला, तशी मुताची वाफही अडली, आणि सकाळी दार उघडले की आमच्याच डोळ्यांना अमोनिया झोंबत असे. ज्या वासाने माणसाचे डोळे चुरचुरतात, त्यात घोड्याने रात्र काढलेली असते, हे तेव्हा सुचले नाही.

गोणपाट काढले, मागच्या भिंतीला छपराखाली आडवा झरोका ठेवला आणि पेंढ्याऐवजी खाली रबरी चटई टाकून तिच्यावर धूळ चाळून काढलेला लाकडाचा भुसा पातळ पसरला. साफसफाईच्या वेळी घोडा बाहेर नेऊन बांधायचा आणि झाडलोट झाल्यावर निदान तासभर आत आणायचा नाही, हा नियम घातला. केवळ एवढ्याने धाप निम्मी झाली, खोकला मात्र राहिला.

गवत

आपल्याकडच्या गवताचे गणित असे आहे. डोंगरउतारावरचे गवत पाऊस संपता संपता कापतात. त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो. कापून पसरलेल्या गवतावर एक सर आली, वरून दोन दिवस ऊन पडले, आणि ‘वाळले’ म्हणून त्याची गंजी रचली किंवा गठ्ठे बांधले, की आत राहिलेला ओलावा तापू लागतो. ही उष्णता सोसणाऱ्या बुरशी आणि जिवाणू गंजीच्या पोटात वाढतात आणि नेमके हेच जीव घोड्याच्या फुप्फुसाला सर्वांत जास्त डिवचतात. असा गठ्ठा बाहेरून सोनेरी दिसतो. दिवाळीच्या आसपास बाजारात येतो तो हाच नवा माल, आणि आमचा दिवाळीचा खोकला निदान अर्धा तरी त्यातून येत होता.

खरेदी करताना आम्ही आता एकच कृती करतो. गठ्ठा मधोमध सोडवून आतली पेंढी बाहेर काढायची, उन्हाकडे पाठ करून ती गडद कापडासमोर झटकायची आणि लगेच तिचा वास घ्यायचा. ढग उठला किंवा जुन्या तळघरासारखा वास आला, तर भाव कितीही पाडून मिळो, ते गवत घ्यायचे नाही. विकणारे नाराज होतात. एकदा एका व्यापाऱ्याने “घोड्याला द्यायचं का देवाला?” असे विचारले होते.

चांगले गवतही दमेकरी घोड्याला कोरडे देता येत नाही. हिरव्या चाऱ्यावर त्याला शक्य तितके ठेवावे : लसूणघास, हरळी, मारवेल, जे मिळेल ते. पण साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला रोज कोरड्या वजनाने 8 ते 10 किलो चारा लागतो आणि निव्वळ लसूणघासावर तेवढे भागवणे योग्य नाही, म्हणून वाळके गवत भिजवून द्यावे लागतेच. कडबा आम्ही घोड्याच्या खाण्यातून पूर्ण बंद केला.

भिजवण्यात कुठे चुकते

दुसऱ्या वर्षी आम्ही गवत भिजवू लागलो आणि तरी खोकला पुरता गेला नाही. काकांनी एका सकाळी मला हाक मारून गव्हाणीतले मूठभर गवत हातात दिले. “ताई, वरून ओलं हाय बगा. पर आतनं पिळा.” मी पिळले, तर बोटांत भुगा आला. आदल्या संध्याकाळी त्यावर झारीने पाणी शिंपडले होते. शिंपडण्याने वरची काडी ओली होते आणि घोडा ती बाजूला सारून नाकाने आतले कोरडे गवत शोधतो; त्याला तेच आवडते.

गवत पाण्यात पूर्ण बुडाले पाहिजे. आम्ही ते जाळीत भरतो, पिंपात टाकतो आणि वर दगड ठेवतो. अर्धा तास पुरतो. रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह टाळावा, कारण आपल्या हवेत ते पाणी आंबते, त्यात जिवाणू वाढतात आणि गवताला आंबूस वास येतो. बाहेर काढल्यावर निथळून ते जमिनीवरच द्यावे, जाळी उंच टांगू नये. टांगलेल्या जाळीतून ओढताना गवत थेट नाकपुडीशी झटकले जाते, उलट मान खाली घालून खाताना साचलेला शेंबूड उताराने बाहेर पडतो.

खरी फसगत पुढे असते. एप्रिलमध्ये दुपारच्या वाऱ्याला हे गवत दोन तासांत वाळते. वाळले की धूळ पुन्हा सुटी होते आणि भिजवण्याचे सगळे श्रम वाया जातात. म्हणून दिवसाचा चारा चार-पाच वेळांत विभागून द्यावा आणि उरलेले गवत सुकण्याआधी उचलावे. पिंपातले पाणी चहासारखे तांबूस होते. गवतातली साखर आणि क्षार त्यात उतरलेले असतात. ते पाणी घोड्याला पाजू नये आणि पुढच्या खेपेला पुन्हा वापरू नये. उतरलेल्या क्षारांच्या बदल्यात खनिज मिश्रण आणि मीठ द्यावे. पुरंदर तालुक्यात उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, तेव्हा रोज दोन पिंपे पाणी घोड्याच्या गवतावर घालवताना शेजारपाजारच्या नजरा चुकवाव्या लागतात. आम्ही ते पाणी चिंचेच्या आणि शेवग्याच्या बुंध्याशी ओततो. वाफेवर गवत शिजवण्याच्या पेट्याही मिळतात आणि त्या बुरशी अधिक चांगली मारतात. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्याव्यात.

खुराकही कोरडा नको. कोंडा, भरडलेला हरभरा, जई, सगळे पाण्याने ओलसर करून द्यावे आणि वर थोडे गोडेतेल घालावे. धूळ बसते आणि खंगणाऱ्या घोड्याच्या अंगी चार किलो मांसही धरते. कोरडा कोंडा तोबऱ्यात भरून तोंडाला बांधणे, हे दमेकरी घोड्याच्या बाबतीत त्याला पिठाच्या गिरणीत कोंडण्यासारखे आहे.

सगळे करूनही खोकला आला, तेव्हा

तिसऱ्या वर्षी गवत भिजत होते, चटई होती, झरोका होता. जून ते ऑक्टोबर गोट्या इतका ठणठणीत होता की काका त्याला रोज ओढ्यापर्यंत दुडकीने नेत. दिवाळी झाली आणि दहा दिवसांत खोकला आला.

या वेळी आम्ही वही घातली होती. पहाटे चारा टाकण्यापूर्वी, घोडा शांत उभा असताना, कुशीकडे पाहत तीस सेकंद श्वास मोजायचे आणि दुप्पट करून लिहायचे. निरोगी घोड्याचा आकडा 8 ते 16 च्या दरम्यान असतो. पहाटेच मोजायचे, कारण दुपारच्या उकाड्याने आकडा तसाही वाढतो. त्याच ओळीत खोकला किती वेळा, गवत कुठले, वारा कसा, कोण काय करत होते, तेही लिहायचे. वहीत आकडा 12 वरून 18, 18 वरून 24 असा चढत गेलेला दिसत होता, पण एक गोष्ट विचित्र होती : दोन दिवस तो मधेच 16 वर आला होता आणि त्या दोन दिवसांच्या ओळीत काकांच्या हाताने लिहिले होते, ‘लाईट न्हवती’.

वीज नव्हती म्हणजे काय बंद होते, हे शोधायला अर्धा दिवस लागला. आमच्या पूर्वेच्या बांधापलीकडे शेजाऱ्यांचा गायींचा गोठा आहे आणि तिथे रोज संध्याकाळी कडबा कुट्टीचे यंत्र तासभर चालते. ते यंत्र वर्षभर चालते. मग खोकला दिवाळीनंतरच का? पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि कुट्टीची धूळ आमच्यापासून दूर जाते. हिवाळा लागला की वारा फिरतो, पूर्वेकडून वाहू लागतो आणि तीच धूळ थेट आमच्या नव्या झरोक्यातून आत येते. मी कुट्टी चालू असताना झरोक्यात ओले पांढरे फडके बांधले. तासाभराने ते कळकट पिवळे झाले होते.

शेजारी भले आहेत. मी जाऊन सांगितले, तेव्हा त्यांनी आधी हसून घेतले आणि मग यंत्राची दिशा फिरवून कुट्टी बाहेर पडते त्या तोंडापुढे ताडपत्री बांधली. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी पाच ते सात गोट्याला पश्चिमेच्या टोकाला बांधू लागलो आणि कुट्टीच्या वेळेत पूर्वेचा झरोका बंद ठेवू लागलो. आकडा बारा दिवसांत 14 वर आला, आणि त्या हंगामात स्टेरॉइड केवळ एकदा, आठ दिवस लागले.

म्हणून गवत आणि बिछाना सुधारूनही खोकला राहिला, तर तबेल्याबाहेर पाहावे. माळ्यावर साठवलेल्या गंजीतून रात्री भुगा खाली गळतो का? शेजारच्या ठाणात दुसऱ्या घोड्याला कोरडे गवत देतात का? एकाच छपराखाली एका घोड्याचे गवत भिजवून आणि दुसऱ्याचे कोरडे देऊन काहीही साधत नाही, हवा दोघांची एकच असते. जवळपास मळणी चालू आहे का, पाचट जाळतात का, रपेटीच्या जागेवर पाणी मारतात का? धुळीने उठलेली सूज पूर्ण उतरायला पुष्कळदा आठवडे लागतात, त्यामुळे आजच्या खोकल्याचे कारण आजच शोधू नये, वहीची मागची पाने उलटावीत.

काही घोड्यांचे गणित उलटे असते. दमट, उष्ण दिवसांत कुरणात सोडले की ते धापू लागतात आणि तबेल्यात आणले की सुधारतात. त्यांना परागकण आणि कुरणातली बुरशी बाधते. वहीत तसे दिसले, तर दमेकरी घोड्याला एरवी लागू असलेले ‘शक्य तितके बाहेर ठेवा’ हे सूत्र त्या हंगामापुरते फिरवावे लागते.

धावपळ कधी करावी : विश्रांतीतला आकडा 30 च्या पुढे गेला, मान लांब ताणून घोडा एका जागी थिजून उभा राहिला, चारा सोडला किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना त्या क्षणी बोलवावे. तोवर त्याला मोकळ्या हवेत सावलीत उभे करावे, चालवू नये आणि घशात काहीही ओतू नये. 20 च्या पुढे दोन दिवस राहिला, तर फोन करावा. 16 च्या आत असेल आणि चाऱ्यावर खोकत नसेल, तेव्हाच खोगीर चढवावे, तेही आधी वीस मिनिटे पायी चालवून.

या वर्षी दिवाळीनंतरचे आकडे 12, 12, 14, 12 असे आहेत. मध्ये एकच दिवस 22 लागला आहे. त्याच्या आदल्या दुपारी गवताची गाडी आली होती आणि माणसांनी घाईने गठ्ठे तबेल्याच्या दारातच उतरवून घेतले होते. काकांनी ओळीपुढे तसे लिहूनही ठेवले आहे. पुढच्या खेपेला गाडी फाटकात शिरण्याआधी गोट्याला ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली नेऊन बांधायचे ठरले आहे.